बेचक्यातला पूर

दुसरी जर्मन लढाई संपली त्या सुमारास काळू नदीवर धरण कुठे बसेल हे शोधायला पुण्याहून एक साहेब मुरबाडात आला. तिपाईवरची दुर्बीण, मोजणीची साखळी, गेरूचा डबा आणि गाढवभर कागद. गावोगाव तो एकच विचारी, “आजवरचा सगळ्यात मोठा पूर कुठवर आला होता?” लोक दाखवतील तिथे रेघ ओढी, वहीत आकडा मांडी.

आता पुराच्या बाबतीत खोटं बोलणं हा आमच्याकडे गावाच्या अब्रूचा प्रश्न. म्हसाच्या जत्रेत आपला बैल कुणी बघितला नाही तरी चालेल, पण पलीकडच्या गावापेक्षा आपला पूर बुटका? पलीकडच्यांनी साहेबाला त्यांच्या देवळाची पायरी दाखवली होती. मी त्याला सरळ माझ्या बांधावरच्या आंब्याखाली नेलं आणि वरच्या बेचक्याकडे बोट केलं. “तितं! मगर अडकली होती, सायेब. तीन दिस वरडत होती. दोर लावून मीच उतरवली.”

साहेबाने शिडी मागवून बेचक्यात रेघ ओढली. मी छाती काढून उभा.

तिसऱ्या दिवशी तो खुशीत आला. “एवढं पाणी दुसरीकडे कुठेच नाही. धरण इथेच होणार. तुमचं शेत बुडेल, पण नाव राहील!”

पाच खाचरं होती माझी. बापाने कातळ फोडून केलेली. मी त्याच्या मागे धावलो. “सायेब, मगर नव्हती! पूर गुडघाभर!”

“जमीन जाणार म्हटलं की सगळे असंच बोलतात,” म्हणून तो चालू लागला. जन्मात पहिल्यांदा खरं बोललो, ते असं वाया गेलं.

बायकोने भाकरी थापता थापता सगळं ऐकलं. “अवो, तुमी खोटारडे हायत हे साऱ्या तालुक्याला ठावं. त्या सायबालाच कोनी सांगितलं नाय.”

सकाळी तिने गाव तंबूपुढे उभं केलं. पुरात हरायची कुणाची तयारी नव्हती, पण माझी उणीदुणी चारचौघांत काढायला मिळणार म्हणून म्हातारेकोतारेही आले.

चुलता म्हणाला, “ह्यो सांगत फिरतो, माज्या बारशाला जेवला म्हनून. मी याच्या बापाचा भाव, सायेब!”

बायको म्हणाली, “मागनी घालाया आले तवा म्हनले, शापूरला माजी मोटार हाय. वरात निघाली बैलगाडीतून, तीबी उसनी.”

तिसरा म्हणाला, “बिबट्याला मुसळानं हानला म्हनतो!”

बिबट्याला मी खरंच हाणला होता. आयुष्यातला एकच पराक्रम, तोही बिनसाक्षीचा.

साहेबाने माझ्या उघड्या खांद्याकडे निरखून पाहिलं. “मग हे ओरखडे कसले?”

गाव खांदा बघायला पुढे सरकलं. बायकोही माझ्याकडे बघत राहिली. त्या जखमांवर महिनाभर पाला बांधणारी तीच.

“कुंपनाचा काटा लागला, सायेब,” मी म्हणालो.

साहेबाने वहीतला आकडा खोडला.