टोन न लावता

मल्हारगंजात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका महूला फौजेत सिग्नलवर होते. माझा नवा वायरलेस सेट लावून द्यायला तेच आले. मानपुरजवळच्या डोंगरावरचा रिपीटर आमचा आवाज उचलून लांब पोचवायचा, पण आवाजाबरोबर ठरलेला टोन, म्हणजे कानाला न कळणारा एक बारीक सूर, गेला तरच.

"ऐसा है भिया," त्यांची प्रत्येक गोष्ट अशीच सुरू व्हायची, "टोन नसला की तो ओळखच देत नाही."

त्यांनी माझा टोन लावला आणि पहिल्याच हाकेला देवासहून उत्तर आलं.

मग काकांनी स्वतःचा सेट काढला, माइकवर फुंकर मारली आणि बोलू लागले. गुडघा दुखतो, मुलीचं पत्र नाही, भुट्ट्याचा कीस खारट झाला. त्यांचा टोन बंद होता.

"काका, टोन राहिला. कुणालाच ऐकू जात नाहीये."

"ऐसा है, मला माहीत आहे. रोज असंच बोलतो."

"मग बोलता कशाला?"

त्यांनी सेट माझ्या हातात दिला. "तू बोलून बघ."

मी बटन दाबलं. पलीकडे ऐकणारं कुणीच नव्हतं, तरी काकांसमोर तोंडातून शब्द फुटेना. ते ओळखून काका उठून गॅलरीत गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.