आदी मशीन सांगा

"आदी मशीन सांगा."

कुणीही काहीही विचारलं, की आमच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांचं हे पहिलं वाक्य. चष्मा कपाळावर चढवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "आदी मशीन सांगा." समोरचा बिचारा आपला प्रोग्रॅम का चालत नाही एवढंच विचारायला आलेला असे. एकदा मी सहज म्हटलं, "चहा घेणार का?" तर म्हणाले, "कुणाच्या हातचा, त्ये आदी सांगा." माझ्या हातचा होता. मुकाट्यानं घेतला.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. पुण्यात एका संस्थेच्या संगणक विभागात मी टाइपिस्ट होते. मी भोरची. ते वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका वाडीतले, घरी शेळ्यामेंढ्या. एवढे शिकले कसे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. माणूस समोर बसलेला असे, तेवढं मला पुरत होतं.

विभागात दोन मशीन होती, एक जुनं, एक नवं, आणि दोघांचं सासूसुनेसारखं मुळीच पटत नसे. सी नावाची नवी भाषा नुकतीच आली होती. तिच्यात लिहिलेलं मशीनला समजेल असं करून देणारा दुभाष्या म्हणजे कंपायलर, आणि प्रत्येक मशीनचा कंपायलर वेगळा, शिवाय हेकट. आकडे छापणं, अक्षरं मोजणं असली रोजची कामं एकदाच लिहून ठेवलेली असत, तिला लायब्ररी म्हणत. ही एकच लायब्ररी दोन्ही मशीनवर चालावी म्हणून हे गृहस्थ सगळ्यात वर मॅक्रो लिहीत. हे मशीन असेल तर असं, ते असेल तर तसं. खालच्या मजकुराला मग कुणी हात लावायचा नाही. मी ते सगळं टर्मिनलवर टाइप करून द्यायची.

"एवढा उपद्व्याप कशाला?" मी एकदा वैतागून विचारलं.

"आवो, आमच्या वाडीतलं मापटं येगळं, नसरापूरच्या बाजारातलं येगळं. मागताना दोनी ठिकानी मापटंच म्हनायचं. पर कुनाचं मापटं, त्ये आदी बगाया नगं?"

घ्या! मी पुढची ओळ टाइप करायला घेतली.

त्यांच्या मॅक्रोंच्या शेवटी एक ओळ असे. मशीन हेही नाही आणि तेही नाही, असं झालं तर काय करायचं, त्यासाठीची. त्या ओळीत ते इंग्रजी लिपीत चक्क मराठी लिहीत, 'हे मशीन ओळखीचं नाही, विचारा.' कंपायलरला मराठी कुठून येणार? तो तिथं अडखळून बंद पडायचा. तेच तर हवं होतं.

एक नवे साहेब आले. त्यांना ती ओळ म्हणजे गावंढळ चूक वाटली आणि त्यांनी ती खोडून टाकली. त्याच आठवड्यात चाचणीसाठी तिसरं मशीन आलं. त्यात आकड्याला जागा कमी, मावला नाही की तो उलटून उणे व्हायचा. कुणी अडवलं नाही, पावसाच्या नोंदींचा प्रोग्रॅम धडाधड चालला आणि आमच्या खोऱ्यातल्या पावसाची बेरीज उणे निघाली. उणे पाऊस! सगळा विभाग पोट धरून हसला. मॅक्रो लिहिणारे मात्र हसले नाहीत. त्यांना चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. "ठावं नसंल तर थांबावं मानसानं," एवढंच म्हणाले आणि ओळ परत घालायला माझ्याकडे आले. मी ती कौतुकानं टाइप केली.

शनिवारी आम्ही एकाच एसटीनं गावी जात असू. ते पुढे पळत जाऊन खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरत, आणि खिडकीची जागा मला. तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? तुमच्यासाठी कुणी वर्षानुवर्षं खिडकी धरली असेल, तर तुम्ही असं म्हणणार नाही. शिवरं गाव मागे पडेपर्यंत मॅक्रोंवर बोलणं चाले. नसरापूर फाट्यावर ते वेल्ह्याच्या गाडीसाठी उतरत. कधी त्यांची आई बाजार करून तिथं थांबलेली असे. मला खिडकीत पाहून ती हात वर करी. पुढं कामथडी येईपर्यंत मी त्या रिकाम्या जागेवर कुणाला बसू देत नसे.

मग परदेशातल्या एका विद्यापीठाचं बोलावणं आलं. तिथं म्हणे नाना जातींची मशीन होती आणि या माणसाची त्यांना गरज होती. विभागात पेढे वाटले गेले. माझा पेढा टर्मिनलशेजारी तसाच राहिला.

त्या शनिवारी ते मॅक्रोंवर बोलले नाहीत. फाटा जवळ आला तेव्हा बाहेर बघत म्हणाले, "जाऊ का मग?"

मी कोण होते त्यांची? त्यांची वाडी निराळी, जात निराळी, आणि आमच्या घरी माझ्या लग्नाचं बोलणं दुसरीकडे चाललेलं. शिवाय ज्याच्या पायांना एवढी वाट फुटली, त्याच्या आडवं कसं यायचं? हसून म्हटलं, "अहो, जा की! अशी संधी परत येते होय?"

"बरं," ते म्हणाले. "तुमी म्हनता तर जातो."

आणि ते गेले. माझं ते दुसरीकडचं लग्न काही जमलं नाही, आणि पुढं मीच कुठलं जमू दिलं नाही. सुरुवातीला त्यांची विभागाला पत्रं येत, सगळी कामाची. मग तीही थांबली. फार आठवण येई हो. अजून येते. चहा करताना येते, एसटीत चढताना येते.

काही वर्षांनी नसरापूरच्या बाजारात कुणीतरी माझा दंड धरला. त्यांची आई. पार वाळली होती.

"पोरी, खिडकीतली तूच न्हवं? भोरची?"

"हो, आई." आई कसं तोंडून गेलं कोण जाणे. "ते येणार आहेत का?"

"कशाचा येतोय! तकडंच ऱ्हायला." मग माझ्या तोंडाकडे निरखून बघत ती म्हणाली, "जायच्या आदी मला म्हनला व्हता, आये, म्या तिला इचारून बगतो. ती ऱ्हावा म्हनली तर कुटं जात न्हाई, तिच्या घरी मागनी घालतो. तू काय म्हनलीस गं त्याला?"

भोवती मिरच्यांचे ढीग, शेळ्यांचा गलका.

"जा म्हटलं," मी म्हणाले.

तिनं दंड सोडला नाही. रागावलीही नाही. "आन मनात काय व्हतं?"

"राहा," मी म्हणाले. भर बाजारात, मोठ्यानं, पहिल्यांदाच.