उडी तू मार

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो भंगार म्हणूनच. वडील तारापूरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये होते. कारखान्याने नवे कॉम्प्युटर घेतले, जुने फेकायला काढले, तेव्हा त्यातला एक वडिलांनी साहेबांकडून मागून घेतला आणि रिक्षात मांडीवर धरून चिंचणीला आणला. मी तेव्हा नववीत होतो. मुलगा यावर शिकून मोठा होईल, अशी त्यांची कल्पना. मुलगा त्यावर खेळला, आणि मुलापेक्षा जास्त त्याची आई खेळली.

हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. आई सकाळी वाडीत पाणी लावायची, चिकू उतरवायची आणि दुपारची जेवणं आटोपली की पदराला हात पुसत स्क्रीनसमोर बसायची. खेळ एकच. एक बुटका गडी धावतो, खड्डा आला की उडी मारतो, शिड्या चढतो. दहाव्या मजल्यावर एक दार आहे, तिथे त्याला पोचवायचं. आईला बाणांची बटणं लगेच जमली, पण धावता धावता दुसऱ्या हाताने स्पेसबार दाबून उडी मारणं काही केल्या जमेना. कडेवर पोर आणि तव्यावर भाकरी एका वेळी सांभाळलेली बाई, पण इथे दोन हातांना दोन कामं दिली की गडी खड्ड्यात. शेवटी तिने वाटणी करून टाकली.

"मी धावते. उडी तू मार."

तेव्हापासून आम्ही एका बाकड्यावर खांद्याला खांदा लावून बसायचो. तिची बोटं बाणांवर, माझा अंगठा स्पेसबारवर. माझी उडी चुकली की पाठीत धपाटा बसायचा, तिचं धावणं चुकलं की दोष कीबोर्डचा. आम्ही नवव्या मजल्यापर्यंत पोचलो, पुढे कधीच गेलो नाही. ते दार उघडतं की नाही हे आम्हाला कळलं नाही.

मग माझा डिप्लोमा झाला, बोईसरला नोकरी लागली, फ्लॅट झाला. वडील गेले. खाऱ्या हवेने कॉम्प्युटरचा पत्रा खाल्ला आणि तो माळ्यावर गेला. आईने दुपारी पुन्हा नुसतं पडायला सुरुवात केली. मी ते पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नाही.

गेल्या वर्षी आईच्या पोटात गाठ निघाली. घिवलीला दिलेली ताई तिच्याजवळ येऊन राहिली आणि मी रविवारी जायला लागलो. अशाच एका रविवारी आईने पडल्या पडल्या विचारलं, तो खड्ड्यात पडनारा गडी हाय का रे अजून? मी म्हटलं, बघतो. पण माझ्याकडच्या फ्लॉप्यांना केव्हाच बुरशी लागली होती, आणि ते मी तिला सांगितलं. तिने ताईला खूण केली. ताईने स्वयंपाकघरातून बियाण्याच्या भाताचा डबा आणला. त्यात हात घातला, तर कडुनिंबाच्या पाल्याखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, त्या खेळाची फ्लॉपी. आमच्याकडे ज्याला ओल लागू द्यायची नाही ते बियाण्यात ठेवतात. दरवर्षी पेरणीला बियाणं काढताना आई ती फ्लॉपी बाहेर काढायची, पुसायची आणि नवं भात भरताना पुन्हा आत ठेवायची. इतकी वर्षं. मला हसू आलं. पण बोईसरला येऊन लॅपटॉपला बाहेरून जोडायच्या ड्राइव्हमध्ये घातली तर एकही चूक न दाखवता ती वाचली गेली.

आता इथून पुढे माझी करणी सुरू होते.

हे जुने खेळ आजच्या कॉम्प्युटरवर सरळ चालवले तर गडी गोळीसारखा सुटतो, कारण ते मशीनच्या वेगाने पळतात. पण जुन्या मशीनचं सोंग घेणारे फुकट प्रोग्राम असतात, त्यात वेग कमी करता येतो. माझ्या लॅपटॉपवर तो खेळ पाऊण तासात सुरू झाला. त्याच संध्याकाळी लॅपटॉप उचलून चिंचणीला गेलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

मी गेलो नाही. मला रंग फार स्वच्छ वाटले, आवाज गुळगुळीत वाटला, आणि लॅपटॉपची ती चपटी बटणं आईच्या बोटांना कशी चालणार, असंही मी स्वतःला पटवलं. खरं कारण वेगळं होतं. इंटरनेटवर जुनी मशीनं जिवंत करणाऱ्यांचा एक गट आहे, सगळी नाकाने कांदे सोलणारी मंडळी, आणि मी त्यातलाच एक. सोंग म्हणजे फसवणूक, असं आमचं मत. मी माळ्यावरचा कॉम्प्युटर उतरवून बोईसरला आणला, त्याचे फोटो गटावर टाकले आणि आजारी आईसाठी करतोय असं लिहिलं. वाहवा भरपूर झाली. ती मला आवडली, हे इथे लिहायला लाज वाटते.

मदरबोर्डवरची बॅटरी गळून तांब्याच्या रेषा हिरव्या पडल्या होत्या. त्या मी केसाएवढ्या तारेने एकेक जोडल्या. पॉवर सप्लाय गेला होता. बेटेगावच्या रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे कारखान्यांतून काढलेल्या कॉम्प्युटरच्या डब्यांचा ढीग असतो, त्यात तीन रविवार उकरून एक मिळाला. इसका करोगे क्या, एवढंच त्याने हिंदीत विचारलं. माँ के लिए, असं मी छाती काढून सांगितलं. तेच तीन रविवार मी माँकडे गेलो नाही.

चौथ्या रविवारी गेलो तेव्हा आई उशीएवढी राहिली होती. मी मोबाइलवर कॉम्प्युटरचे फोटो दाखवले. तिने पाहिल्यासारखं केलं. मी सांगितलं, खेळ लॅपटॉपवर चालतो, पण तुला मी खऱ्या, आपल्या मशीनवरच दाखवणार, आता फक्त मॉनिटरचा एक पार्ट यायचाय.

ती म्हणाली, "कशावर पन चालव. तू बस नुसता बाजूला."

मी म्हटलं, आई, आठच दिवस.

"थांबते," ती म्हणाली. "मी कुटं जातेय आता."

पाचव्या दिवशी ती गेली.

मॉनिटरचा पार्ट तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कुरियरने आला. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ते यालाच. ताई तेव्हा माझ्याकडे होती. मी पाकीट फोडत असताना ती सहज म्हणाली, शेवटच्या महिन्यात दर रविवारी आई खाटेजवळ दुसरी खुर्ची ठेवायला लावायची, मी ठेवायची आणि संध्याकाळी उचलायची. मला आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. ताई म्हणाली, तिनेच सांगू दिलं नाही, तो कामात आहे म्हणाली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो.

मशीन मी तरीही पुरं केलं. अर्धवट ठेवणं जास्त वाईट वाटलं. परवाच्या रविवारी ते चिंचणीला नेलं, त्याच खोलीत, त्याच बाकड्यासमोर मांडलं. बटण दाबलं, पंखा घरघरला, फ्लॉपी करकरली. रंग तेच, तो किरकिरा आवाजही तोच. गटावर फोटो टाकला असता तर वाहवा झाली असती, पण मी तो काढला नाही.

बाकड्याच्या डाव्या टोकाला मी बसलो होतो, माझ्या जागेवर. पहिल्या मजल्यावर गडी उभा राहिला. बाणांची बटणं उजवीकडे, तिच्या बाजूला होती. हात लांब केला असता तर सहज पुरला असता, आणि एकट्याने मी बहुधा दहाव्या मजल्यापर्यंतही गेलो असतो. माझा अंगठा तेवढा स्पेसबारवर गेला. मी दाबला. गडी उडाला आणि होता तिथेच उतरला. मी पुन्हा दाबला. शेजारी कोणी धावत नव्हतं, म्हणून तो जागच्या जागी उड्या मारत राहिला.