खालच्या कप्प्यातली कबरी

...आणि काल सांगता सांगता राहिलं ते हे, की कोंबडी शेवटी सापडली. कुठं? आमच्या सुताराच्या नव्याकोऱ्या कपाटात, खालच्या कप्प्यात!

या सुताराला सगळे 'वाळतंय' म्हणायचे. हातात कसब असं की बघत राहावं, पण वेळेवर काम दिलं तर शपथ. कधीही विचारा, "पॉलिश वाळतंय." एकदा तर साध्या शिडीबद्दलही त्यानं हेच सांगितलं, शिडीला कसलं आलंय पॉलिश! शेवटी शाळेच्या मोठ्या बाईंनी दम भरला, "कपाट महिनाअखेर आलं नाही, तर साठ बाकांचं काम पुलापलीकडच्या सुताराला."

त्या धाकानं गड्यानं जन्मात पहिल्यांदा काम पंधरा दिवस आधी उरकलं. हवा लागावी म्हणून खालचा ओढायचा कप्पा वीतभर उघडा ठेवला, आत रंध्याची सालपटं तशीच, आणि स्वारी गावभर मिरवायला मोकळी.

इकडं त्याची बायको रोज खुराड्यात हात घालायची आणि रिकामा बाहेर काढायची. मोरीमागं बघितलं, फळ्यांच्या थप्पीत बघितलं. शेजारीण अंडी उचलते म्हणून तिच्याशी बोलणंही टाकलं. त्यांची कबरी कोंबडी मात्र कुणी पाहत असलं की साळसूदपणे भलतीकडंच माती उकरायची. मग एक दिवस तीच गायब. कपाट पोचवायच्या दिवशी सुतार कप्पा पुसायला गेला, तर मनगटावर चोच! खाली अकरा अंडी.

"अगं, हिला उचल!"

"खबरदार! खुडूक बसलीय ती. गेल्या खेपेला तुम्ही टोपली हलवलीत, एक पिल्लू निघालं नाही. एकवीस दिवस हात लावायचा नाही."

"आणि माझी बाकं?"

"सांगा की, वाळतंय. तुम्हाला काय शिकवायला हवं?"

त्यानं तेच सांगितलं, दोनदा. तिसऱ्यांदा बाई स्वतः आल्या, तेव्हा बिचारा कंटाळून खरं बोलला, "बाई, कपाटात कोंबडी बसलीय."

"अहो, त्यापेक्षा ते जुनं कारण बरं होतं!" म्हणून बाई तडक गेल्या.

दोन दिवसांनी त्या शिपाई आणि हातगाडी घेऊन हजर. मी तिथंच रंध्याच्या बाकावर बसलो होतो. असला तमाशा मी सोडतोय होय? सुतार दोन्ही हात पसरून कपाटासमोर उभा. बाईंनी त्याला बाजूला सारलं आणि कप्पा ओढला. कबरीनं अंग फुगवून बाईंच्या बांगड्यांवरच झडप घातली. बाई मागं, शिपाई बाईंच्याही मागं! तेवढ्यात कबरीच्या पंखाखालून एक ओलं पिवळं डोकं वर आलं. मग दुसरं. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या वाकून बघत राहिल्या, बघत राहिल्या, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या,

"म्हणजे खरंच बसली होती."

"काम तर वेळेआधी झालं होतं हो," बायको मागून म्हणाली. "देवाशपथ."

बाईंनी पदर सारखा केला. "बरं. बाकं तुम्हालाच देते. पण कधी मिळतील, ते आत्ता सांगा. आणि वाळतंय म्हणायचं नाही."

सुतारानं आधी कबरीकडं पाहिलं, मग बाईंकडं.

"महिन्यात देतो, बाई. फक्त बाकाला कप्पा सांगू नका."