रशियन समाज आणि आमचं 'हाय'

आमच्या पेणच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायला माणसं दोनच, म्हात्रे सर आणि मी. पण किस्से एवढे साठलेत की पीएचडी त्यांच्यावरच करायला हवी होती! मी केली ती रशियातल्या समाजशास्त्राच्या नव्या वाटांवर, वरसेहून रोज ये-जा करत.

विषय ठरला तेव्हा आई माझ्यासाठी स्थळं बघत होती.

"कुठल्या समाजाचा अभ्यास म्हणालीस?"

"रशियन."

आईचा चेहरा पडला. "आपल्यात बसतात का गो ते?"

*

रशियात आता एकच सिद्धान्त चालत नाही, अनेक एकदम नांदतात. हे माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना. सरांनी मला कोलाडला हायवेवरच्या हॉटेलात नेलं आणि मेनूकार्ड पुढे सरकवलं. पंजाबी, चायनीज, मालवणी!

"आता आत डोकाव," सर म्हणाले. "आचारी एकच हाय!"

ते पान मी एका बैठकीत लिहिलं. सरांचे उपकार कसे फेडायचे, सांगा!

*

पण गाईड म्हणून सरांची अट होती. "नुसतं वाचून नाय चालायचं. त्यांची एक तरी पद्धत इथं करून दाखव, नायतर ते प्रकरण काढून टाक."

मी जीवनकथा निवडली. म्हणजे प्रश्नांची सरबत्ती नाही, माणसाला आपलं आयुष्य सांगू द्यायचं. धरमतरला हिराकाकींकडे गेले. काकींचा जन्म मिठागरात गेला.

"तुमचं आयुष्य सांगा ना, काकी."

"माज्यात काय हाय सांगन्यासारखं?"

की गप्प! दर खेपेला हेच. प्रकरण बुडणार म्हणून मला घास गिळवेना.

*

तेवढ्यात वेरा आली. ही रशियातली संशोधक, ईमेलवरची ओळख. आमच्याच घरी उतरली. तिची आई नुकतीच वारलेली, म्हणून माझी आई तिला ताटात दुप्पट वाढायची.

शेजारीण दारातून विचारी, "आई हाय का गो घरात?"

वेरा हसून हात हलवी, "हाय!"

आई गेलेली बाजारात! शेजारीण बिचारी ओट्यावर ताटकळत बसे. शेवटी मी वेराला समजावलं, "अगं, हाय म्हणजे आहे!" ती लाजून लाल झाली.

*

आज नावामागे डॉक्टर लागलंय ते या माणसांमुळेच. आणि त्या एका दुपारमुळे.

वेराला घेऊन काकींकडे गेले. काकींनी तिला नीट न्याहाळलं.

"आई हाय का गो तुला?"

मी तोंड उघडणार, तोच वेरा म्हणाली, "हाय."

हात हलवला नाही तिने.

"मंग ऐक," काकी म्हणाल्या. "माजी आय पन याच मिठात उभी होती..." आणि दिवस कलेपर्यंत बोलत राहिल्या. मी रेकॉर्डर धरून नुसती बसले होते, डोळे पुसत.

निघताना काकींनी मिठाची पुरचुंडी उंबऱ्यावर ठेवली. मीठ हातात देत नाहीत ना! "तुज्या आयला दे."

वेराने ती दोन्ही हातांनी उचलली.

एसटीत मी हळूच विचारलं, "वेरा, 'हाय' म्हणजे काय ते लक्षात आहे ना तुझ्या?"

पुरचुंडी मांडीवर घट्ट धरून ती म्हणाली, "हाय."