मनकर्णाबाईची बरणी

वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालत असे, तेव्हाही बीबी गावातला न्याय उकंडरावांच्या ओसरीवरच होई. तो लवकर मिळे. एवढेच, की तो नेहमी उकंडरावांच्या बाजूने लागे.

मनकर्णाबाई ही त्यांची विधवा भावजय. नवरा जाऊन काही वर्षे लोटली आणि तिचे पोट वाढू लागले. उकंडरावांची बायको सोजराबाई निपुत्रिक होती, म्हणून दुसऱ्यांच्या पोटांवर तिची बारीक नजर असे. विहिरीवर पहिले बोट तिनेच दाखवले.

"काय वं जाऊबाई, कोनाचं हाय?"

पंच बसले. मनकर्णाबाईला घरातून काढून गोठ्यात ठेवले आणि तिच्यासाठी विहीर बंद केली. शेवटी माहेरच्या भावाने तिला गाडीत घालून शेगावला नेले आणि तिथून रेल्वेने मिशनच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी पोटातून गोळा काढला. त्यात केस होते, दात होते.

घाबरलेल्या मनकर्णाबाईला बिलकिस नर्सने समजावले, "बाई, बीजाची पिशवी म्हंजे कपाशीचं बोंड समजा. आत सरकी, भोवती रुई, वरून टरफल. जिथं बिघाड तसा रोग. तुमचा सरकीतला. बी आपल्याच मनानं उगवलं, त्याले केस फुटले, दात आले. त्याले मर्द लागत नाही. ही गाठ बहुतेक गरीब असते. रुईतली गाठ म्हातारपनी विटाळ परत आनते. अन् टरफलातली मोठी बदमाश! गुपचूप पसरते, पोटात पानी भरते. बाई दोन घासांत 'बस' म्हनते, हातपाय काड्या होतात अन् पोट तेवढं वाढते. लवकर आली तं वाचू शकते."

मनकर्णाबाईने तो गोळा मागून घेतला आणि स्पिरिटच्या बरणीत घालून पंचांपुढे ठेवला. पंचांनी वाकून पाहिले. आतून सोजराबाई म्हणाली, "केस हायत, दात हायत, अन् म्हने लेकरू नाही!"

पंचांना जी थोडी शंका होती ती फिटली. गोठा कायम झाला.

बऱ्याच वर्षांनी सोजराबाईचे पोट दिसू लागले. चाळिशी उलटलेली, विटाळ थांबलेला. नवस फळला असे ठरले आणि थाटाने डोहाळजेवण मांडले. मनकर्णाबाई गोठ्याच्या दारातून पाहत होती. जाऊबाईचा हिरवा चुडा मनगटावरून थेट कोपराकडे घसरत होता. पुरणपोळीचे दोन घास खाऊन तिने पान सारले.

समोरच फातिमा सुईणीचे घर होते. तिचा शब्द उकंडरावही मोडत नसत. तिच्या कानात एक वाक्य टाकले असते तरी पुरे होते. मनकर्णाबाई तिकडे गेली नाही. ती ऐन ओटी भरताना, पांढऱ्या कपाळाने, उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली.

"भावजी, हे लेकरू नोहे. गाठ हाय, टरफलातली. मिशनच्या दवाखान्यात न्या इले."

"मुडदा बशिवला इचा!" सोजराबाई किंचाळली. "रांडेचा डोया हाय माह्या पोटावर!"

बायकांनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, उकंडरावांनी भावजयीला हाकलले. ती गोठ्यात परतली. सत्य तिने साक्षीदारांसमक्ष सांगितले होते, आणि जिथे ते कोणी मानणार नाही अशी जागा निवडून सांगितले होते.

नववा महिना गेला, दहावाही गेला. मग सोजराबाई गेली.

तेरावे झाल्यावर उकंडराव गोठ्याच्या दारात आले.

"वयनी, तुमाले मालूम होतं?"

"सांगतलं होतं ना, भावजी. साऱ्या गावासमोर."

"तशा येऊन सांगतल्यावर कोन मानन?"

"कोनीच नाही. माही बरनी तरी कोनं मानली?"

बरणी कोनाड्यात देवाशेजारी होती. उकंडराव तिच्याकडे पाहत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तिच्या पोटात... असं काही असन का हो? केस, दात? लेकरासारखं?"

नुसती होकाराची मान हलवली असती तरी माणूस थोडा सुखाने घरी गेला असता.

"नाही," मनकर्णाबाई म्हणाली. "निस्तं पानी. केस अन् दात माह्याच नशिबात होते."