पडद्यावरचा मोर्चा

निजामाच्या राज्यात सभेला बंदी होती, झेंड्याला बंदी होती. ती मोडायला तुळजापुरात मोर्चा निघाला, तेव्हा हे त्यात पुढं होते. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बाजारपेठेच्या तोंडाशी पोलिसांनी लाठ्या चालवल्या. ह्यांच्या डोक्यात लाठी बसली आणि हे खाली पडले, एवढं शेजाऱ्यांनी पाहिलं. त्यानंतर ते कुणालाच दिसले नाहीत.

पुढं गावात राहणं अवघड झालं, तेव्हा सासूबाई आणि मी बैलगाडीनं सोलापूरला नणंदेकडं आलो. तिचे यजमान तिथल्या गिरणीत कामाला होते. सोलापूर निजामाच्या हद्दीबाहेर, त्यामुळं तिथं भीती नव्हती. पण खबरही नव्हती. तिकडून येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई विचारायच्या. एकानं सांगितलं, पडलेल्यांतलं कुणी उठलं न्हाय. त्या दिवसापासून त्यांचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. माझ्या कुंकवाकडं बघायच्या आणि नजर वळवायच्या.

एक दिवस नणंदेचे यजमान सिनेमाहून धापा टाकतच आले. सिनेमाच्या आधी निजाम हद्दीतल्या सत्याग्रहींचा माहितीपट दाखवला, त्यात आपला माणूस दिसला म्हणाले. नक्की का, तर तेही त्यांना सांगवेना. दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला ते आम्हा दोघींना घेऊन गेले. सासूबाईंनी सिनेमा कधी पाहिला नव्हता. अंधार झाला तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला.

पडद्यावर माळरान आलं, मग दुरून येणारी माणसं. जवळ आली तसे चेहरे दिसू लागले आणि त्यात हे होते. हातात झेंडा, डोक्याला पांढरी पट्टी, डावा खांदा जरा पाडून चालायची तीच ढब. आनंद व्हायच्या आतच मला शंका आली. हे चित्र तुळजापूरच्या आधीचं असलं तर? मी तसं पुटपुटले.

सासूबाई म्हणाल्या, “डोकं बांधलंय की गं त्याचं. मार खाऊन उठलाय त्यो.”

पुढचा सिनेमा न बघताच आम्ही बाहेर आलो. भूक लागलीय, असं त्यांनी स्वतःहून जावयाला सांगितलं आणि गाड्यावरची गरम भजी रस्त्यात उभ्यानं खाल्ली. मला रडू आवरेना, तर दोन माझ्याही हातात कोंबली.

थंडी सरता सरता हे आले, बार्शीकडच्या छावणीतून. मोर्चातल्या लोकांनीच त्यांना उचलून हद्दीपलीकडं नेलं होतं. निरोप त्यांनी तुळजापूरला धाडला होता, पण तोवर आमच्या दाराला कुलूप लागलं होतं. जखम भरली होती, केस मात्र तिथं पुन्हा उगवले नाहीत. मी सिनेमाचं सांगितलं तेव्हा ते हसायला लागले.

“तीन पायांवर डबा ठेवून एक माणूस उभा होता,” ते म्हणाले. “नीट दिसलं नाही म्हणून आम्हाला मागं पाठवून परत चालायला लावलं त्यानं. डोकं ठणकत होतं, लई चिडलो मी त्याच्यावर.”

“बरं केलं त्यानं,” सासूबाई म्हणाल्या, आणि पिठाचा डबा घेऊन चुलीपुढं बसल्या.